गावाचे नाव कोणाच्या मालकीचे?

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. हा गृहस्थ चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. फराळाच्या ताटाशेजारी त्याने एक जड बाटली ठेवली आणि म्हणाला, "सर, नाशिकची शॅम्पेन आहे. आपण घेत नसलात तरी पाहुण्यांना उपयोगी पडेल." आम्ही ह्या पेयाचे भोक्ते नव्हेत, आणि आमच्याकडे येणारे पाहुणेही चहाच्या पलीकडे जाणारे नव्हेत. द्राक्षे आंबवून केलेली एकच वस्तू आजवर आमच्या घरात आली, ती म्हणजे वैद्यांनी दिलेले द्राक्षासव. आणि सौभाग्यवतींनी ह्या नव्या बाटलीची स्थापनाही त्याच औषधांच्या कपाटात केली. तेव्हा तिचा आस्वाद घेण्याचा एकच मार्ग आम्हांस उरला, तो म्हणजे तिच्या अंगावरील मजकूर वाचणे. ज्याचा जन्म दुसऱ्यांनी लिहिलेले वाचण्यात व त्यावर मत देण्यात गेला, त्याची ही खोड उतारवयात सुटत नाही. चष्मा लावून पुढचा कागद वाचला, मागचा वाचला. 'शॅम्पेन' हा शब्द कोठेही आढळला नाही. विद्यार्थ्यास तसे दाखविले, तेव्हा तो हसून म्हणाला, "तसे लिहिता येत नाही, सर. कायदा आहे. पण आहे तीच."

'आहे तीच, पण तसे म्हणता येत नाही' ह्या एका वाक्यात आजच्या जागतिक व्यापारातील एक मोठा वाद साठविलेला आहे. तो वरवर पाहता श्रीमंतांच्या पेयाचा वाद वाटतो. परंतु किंचित खोल गेल्यास त्याचा संबंध आमच्या घरी येणाऱ्या आंब्याच्या पेटीशी, कपाटातील पैठणीशी आणि पायांतील वहाणेशी आहे असे दिसून येईल. म्हणून, पेयाच्या गुणदोषांची चर्चा त्यातील जाणकारांवर सोपवून, त्याच्या नावाची तेवढी समीक्षा येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

शॅम्पेन हे मूळचे एका प्रांताचे नाव. पॅरिसच्या पूर्वेस रेम्स व एपर्ने ह्या नगरांभोवती खडूच्या मातीच्या टेकड्या आहेत. तेथील द्राक्षांपासून तेथेच केलेल्या फसफसणाऱ्या वाइनलाच हे नाव घेता येते. सुमारे ३४,००० हेक्टरांची ही मर्यादा असून तिच्या बाहेरचा वेल कितीही उत्तम असला तरी त्यास ह्या नावाचा अधिकार नाही. ही मर्यादा राखण्यासाठी तेथील मंडळींनी देशोदेशी फिर्यादी केल्या. १९६० साली लंडनच्या न्यायालयाकडून त्यांनी 'स्पॅनिश शॅम्पेन' ह्या नावास बंदी मिळविली. स्वित्झर्लंडच्या व्हो परगण्यातील प्रकार तर विलक्षणच म्हटला पाहिजे. तेथे शॅम्पेन ह्याच नावाचे एक खेडे आहे. नवव्या शतकापासून ते नाव कागदोपत्री सापडते. परंतु युरोपीय संघाशी १९९९ साली झालेल्या कराराचा परिणाम म्हणून २००४ पासून त्या खेड्यास स्वतःच्या वाइनवर स्वतःच्या गावाचे नाव लिहिण्याची मनाई झाली! उलट कॅलिफोर्नियातील जे व्यापारी पूर्वीपासून 'कॅलिफोर्निया शॅम्पेन' असे लिहीत आले होते, त्यांस २००६ च्या करारात सवलत मिळाली. लहान खेड्याचे नाव गेले व मोठ्या राष्ट्राचे राहिले, हे पाहिल्यावर ह्या सर्व प्रकारास न्याय म्हणावे की बळाचा कारभार म्हणावे, असा प्रश्न कोणासही पडेल.

आम्हांस तो अधिक जवळून पडतो, ह्याचे कारण आमचे वास्तव्य चिंचवडास आहे. नाशिक फाट्यावरून निघून भोसरी व मोशी ओलांडली, इंद्रायणी मागे टाकली, की चाकण लागते. येथील भुईकोट १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढविला, आणि येथील कांदा-बटाट्याचा बाजार आजही मोठा आहे. परंतु आता चाकण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मोटारी येतात. त्यांपैकीच एक मर्सिडीज. हे नाव मुळात एमिल येलिनेक नामक व्यापाऱ्याच्या मुलीचे. १९०२ साली ते जर्मनीत व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. ही गाडी १९९५ साली पिंपरीत तयार होऊ लागली, २००९ पासून चाकणास होते, आणि तरीही ती मर्सिडीजच असते. 'मर्सिडीज पद्धतीची गाडी' असे तिला कोणी म्हणत नाही. सासरी गेली तरी माहेरचे नाव न सोडणाऱ्या मुलीप्रमाणे ती आपले नाव जगभर मिरविते.

ह्याच रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर पुढे गेले, की जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येते. महाराष्ट्र त्यास विठाबाईंच्या तमाशामुळे ओळखतो. परंतु भारतातील वाइनच्या धंद्याच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले ह्यांनी येथे फ्रान्समधील पायपर-हाइडसिक ह्या जुन्या शॅम्पेनच्या पेढीचे तांत्रिक साहाय्य घेऊन फसफसणारी वाइन तयार केली. पद्धत तीच, की बाटलीत दुसऱ्यांदा आंबविण्याची क्रिया घडवून आणावयाची. शिकविणारे लोकही तेथलेच. कंपनीने आपल्या नावातच 'शॅम्पेन' हा शब्द घातला व 'शॅम्पेन इंडेज' असे नाव घेतले. पुढे ते जाऊन 'इंडेज व्हिंटनर्स' आले, आणि २००८ नंतरच्या मंदीत कर्जाच्या भाराने ती कंपनीच बुडाली. तिच्या बुडण्याचा नावाच्या वादाशी संबंध नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. आमचा प्रश्न निराळा आहे. चाकणची गाडी जर मर्सिडीज, तर नारायणगावची वाइन शॅम्पेन का नव्हे? कारखान्याला जे साधते ते शेताला का साधू नये?

ह्याचे उत्तर शोधू लागल्यावर आमच्या असे लक्षात आले की, मालाची नावे तीन प्रकारची असतात. काही नावे मालकाची, काही हाताची आणि काही मातीची. मर्सिडीज हे मालकाचे नाव. गाडी जर्मनीत जुळविली काय आणि चाकणास जुळविली काय, तिच्यात खोट निघाल्यास कोणाच्या दारी जावयाचे हे ग्राहकास ठाऊक असते. पैठणी हे हाताचे नाव. गोदाकाठच्या पैठणचे नाव तिने घेतले, परंतु आज पैठणीचे मोठे केंद्र येवला आहे. आणि येवल्याच्या पैठणीस खोटी पैठणी असे म्हणण्याचे कोणत्याही मराठी गृहिणीच्या मनात येत नाही. कारण तिची ओळख काठपदराच्या विणकामात आहे, आणि विणकाम हातांबरोबर प्रवास करते. मातीच्या नावाची गोष्ट मात्र वेगळी. त्यास एक मालक नसतो. ते एका टापूतील हजारो शेतकऱ्यांचे सामाईक नाव असते, आणि त्याची पत राखण्याची जबाबदारी सर्वांची मिळून असते. टापूबाहेरच्या मनुष्याने ते नाव घेतले म्हणजे त्याच्या मालाबद्दल उत्तर देणारा कोणी उरत नाही. थोडक्यात, नाव ही एक प्रकारची जामीनकी आहे. माल कोणत्या पद्धतीने केला एवढ्यावर नावाचा हक्क ठरत नाही. त्या नावाखाली जामीन कोण राहिला, ह्यावर तो ठरतो.

शॅम्पेनचा इतिहास ह्या दृष्टीने पाहिला, म्हणजे त्यातील अरेरावीचा भाग बराच कमी वाटू लागतो. हे नाव परदेशी मालाविरुद्ध जपण्याआधी तेथील शेतकऱ्यांना ते आपल्याच गावच्या व्यापाऱ्यांपासून जपावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेलींच्या मुळांवर पडलेल्या किडीने व पुढे लागोपाठ आलेल्या वाईट हंगामांनी तेथील शेतकरी खचला होता. इकडे मोठमोठ्या पेढ्या फ्रान्सच्या इतर भागांतून स्वस्त द्राक्षे व रस आणून त्यांवर 'शॅम्पेन' हे नाव चढवीत होत्या. १९११ च्या जानेवारीत शेतकरी उठले; त्यांनी पेढ्यांची तळघरे फोडली. एप्रिल महिन्यात आय ह्या गावी जाळपोळ झाली व सरकारला लष्कर पाठवावे लागले. शिवाय प्रांताची सीमा कोठे आखावी ह्यावरून मार्न व ओब हे दोन जिल्हे एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले होते. ओबच्या लोकांना वगळले तर ते चवताळत, घेतले तर मार्नचे लोक चवताळत! अखेर १९२७ च्या कायद्याने कोणत्या गावांची कोणती जमीन ह्या नावास पात्र हे ठरले आणि ओबलाही त्यात स्थान मिळाले.

आणि ह्या नावाबरोबर बंधनेही आली. द्राक्षे हातांनीच खुडली पाहिजेत. ४,००० किलो द्राक्षांमधून २,५५० लिटरांहून अधिक रस काढावयाचा नाही. साधी बाटलीसुद्धा पंधरा महिने मुरल्यावाचून तळघराबाहेर जाता कामा नये. अधिक पिळले तर अधिक पैसा मिळेल, लवकर विकले तर व्याज वाचेल, हे त्या लोकांस कळत नाही असे नाही. परंतु नावासाठी त्यांनी स्वतःच्या लोभास कुंपण घातले. दुसऱ्यास 'हे नाव घेऊ नकोस' असे बजावण्याचा नैतिक अधिकार त्यांस ह्या कुंपणामुळे प्राप्त झाला आहे. स्विस खेड्यावरील अन्याय ह्यामुळे न्याय ठरत नाही, हेही खरेच. जो मनुष्य आपल्याच गावचे नाव सांगतो, त्यास चोर म्हणणे कोणत्याही तर्कात बसत नाही.

आता आपल्या बाटल्यांकडे वळू. त्या एका बाटलीने आमचे कुतूहल जागे झाल्यावर आम्ही त्याच विद्यार्थ्याकडून आणखी दहाबारा बाटल्यांची छायाचित्रे मागवून घेतली. मद्याच्या दुकानात स्वतः उभे राहून वाचन करण्याचे धैर्य आम्हांस ह्या वयात झाले नाही. बाटलीवरील चिठ्ठी हा वाङ्मयाचा एक लहानसा प्रकारच आहे, आणि आपल्याकडील ह्या वाङ्मयात एक दोष ठळकपणे जाणवतो. त्यात सर्व काही असते, गाव तेवढे नसते. नारायणगावच्या त्या पहिल्या वाइनचेच उदाहरण घ्या. देशात ती 'मार्की द पोंपादूर' ह्या नावाने, म्हणजे फ्रेंच राजाच्या प्रियपात्राच्या नावाने विकली जाई. परदेशात 'ओमर खय्याम' ह्या इराणी कवीच्या नावाने. मराठी रसिकांना खय्यामची ओळख माधव जूलियन ह्यांनी करून दिली, व त्यांच्या एका भाषांतराचे 'द्राक्षकन्या' हे नाव तर ह्या प्रसंगी आठवल्यावाचून राहत नाही. परंतु कंपनीच्या मनात तो खय्याम नसावा. इंग्रज ग्राहकाच्या कपाटात फिट्झजेराल्डच्या भाषांतराची जी प्रत असते, तिच्यातील खय्याम असावा. फ्रेंच राजवाडा झाला, इराणी बाग झाली. मीना नदीचे खोरे आणि शिवनेरीचा डोंगर मात्र कोठेच नाहीत.

पुढच्या पिढीची तऱ्हा ह्याहून फारशी निराळी नाही. अकलूजच्या माळावर पिकणाऱ्या द्राक्षांची वाइन 'फ्रातेली' ह्या इटालियन नावाने येते. त्या शब्दाचा अर्थ 'भाऊ' असा आहे, आणि इटलीचे, दिल्लीचे व अकलूजचे असे तीन भावांचे जोड ह्या धंद्यात एकत्र आले हे लक्षात घेता तो अर्थ गोडही आहे. परंतु 'भाऊबंद' ह्या आपल्या शब्दास बाटलीवर जागा मिळाली नाही ती नाहीच. (भाऊबंदकीची आठवण टाळावयाची असेल, तर मात्र आम्ही आमचा आक्षेप मागे घेतो.) दिंडोरी तालुक्यातील एक कंपनी स्थानिक ध्वनीलाच फ्रेंच झगा चढवून 'शातो दोरी' झाली. ह्यात राजीव सामंत ह्यांनी आपल्या आईच्या 'सुलभा' ह्या नावावरून 'सुला' असे नाव घेतले, आणि एका वाइनला 'दिंडोरी रिझर्व्ह' म्हणून तालुक्याचे नाव पुढच्या कागदावर आणले, हे आम्हांस विशेष वाटते. आईचे नाव आणि तालुक्याचे नाव ह्यांनी माल विकला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. आमच्या विद्यार्थ्याने आणलेल्या बाटलीवर मात्र गावाचे नाव होते ते पत्त्याच्या ओळीत, टोकाशी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत.

नावाचा हा संकोच दूर करण्यासाठी कायदा आहे. १९९४ साली जागतिक व्यापाराचे करार झाले. त्यांपैकी बौद्धिक संपदेच्या कराराने प्रत्येक राष्ट्रावर अशा नावांच्या रक्षणाची जबाबदारी टाकली. त्याला अनुसरून आपल्या संसदेने १९९९ साली कायदा केला व तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणीचे कार्यालय चेन्नईस असून पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची झाली. परंतु ह्या मूळ कराराचा मजकूर काळजीपूर्वक वाचला असता त्यात चक्क जातिभेद आढळतो. २२ वे कलम सर्व मालास लागू. त्यात ग्राहकाची फसवणूक होत असेल तरच नावाला संरक्षण. २३ वे कलम मात्र केवळ वाइन व इतर मद्यांसाठी. तेथे फसवणूक होवो अगर न होवो, 'अमक्या धर्तीचे', 'तमक्या शैलीचे', 'ह्याची नक्कल' असे प्रामाणिकपणे लिहिले तरीदेखील मनाई. म्हणजे 'नारायणगावची शॅम्पेन' असे खरे ठिकाण सांगून लिहिले तरी तो अपराध. परंतु परदेशी कारखानदाराने 'कोल्हापुरी धर्तीची वहाण' असे लिहिले, तर आपणच कोर्टात जाऊन ग्राहक कसा फसला हे सिद्ध करावयाचे. मद्याला सोवळे आणि चामड्याला ओवळे, असा हा न्याय आहे. हे अधिक संरक्षण इतर मालासही मिळावे अशी मागणी भारत व इतर काही राष्ट्रे २००१ च्या दोहा परिषदेपासून करीत आली आहेत. ती अजून मान्य झालेली नाही.

ह्या दोन कसोट्यांमधील अंतर किती मोठे आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून समजते. बंगळूरच्या खोडे कंपनीने १९६८ साली 'पीटर स्कॉट' नावाची व्हिस्की काढली. 'स्कॉट' ह्या शब्दावरून लोक तिला स्कॉटलंडची समजतील, अशी तक्रार तेथील व्हिस्कीवाल्यांच्या संघाने केली. २००८ साली न्यायालयाने निकाल खोडे ह्यांच्या बाजूने दिला. संघाला १९७४ पासून हे नाव ठाऊक असता तो १९८६ पर्यंत स्वस्थ बसला, हे एक कारण. आणि असला माल घेणारा ग्राहक जाणता असतो, तो इतक्या सहज फसत नाही, हे दुसरे. आम्हांस ह्यातील पहिले कारण अधिक बोधप्रद वाटते. जो आपल्या नावाची राखण करण्यात झोपतो, त्याच्यासाठी न्यायालय जागे राहत नाही.

आणि आपण जागे आहोत काय? २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील प्राडा ह्या पेढीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्याच वहाणा मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. तो संताप रास्त होता. परंतु त्यातील कायद्याचा मुद्दा फार थोड्यांच्या ध्यानात आला. त्या पेढीने कोल्हापूरचे नाव वापरले नव्हते. तिने ते गाळले होते. कायदा नाव चोरणाऱ्यास पकडतो. घाट उचलून नाव टाकून देणाऱ्यास त्याच्या जाळ्यात धरणे कठीण असते. पुढे त्या पेढीस कोल्हापुरी कारागिरांचे ऋण मान्य करावे लागले, तेही लोकमताच्या दडपणाने. ही २०१९ सालची नोंद महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांची मिळून आहे, हेही त्या वेळी आपल्यापैकी अनेकांना प्रथमच कळले. कोल्हापुरी हे हाताचे नाव आहे, आणि ते हात कृष्णेच्या दोन्ही अंगांस आहेत.

आमच्या मते आपल्या झोपेचे एक कारण भाषिक आहे. कायद्यातील मूळ कल्पना 'निर्देश' अशी आहे. माल कोठला हे दाखविणे, इतकाच तिचा अर्थ. हिंदी कायद्याने त्यास 'उपदर्शन' हा शब्द योजिला. आपल्या वृत्तपत्रांनी मात्र 'मानांकन' हा शब्द रूढ केला, आणि शब्दाबरोबर अर्थही फिरला. मानांकन म्हटले की सत्कार आला, शाल-श्रीफळ आले, मंत्र्यांच्या हस्ते प्रमाणपत्र आले! अमुक पदार्थास मानांकन 'मिळाले' अशी बातमी येते. त्या दिवसापासून कोणावर कोणते बंधन आले, हे त्या बातमीत नसते. वस्तुतः नोंद झाल्यावर प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव लावून घ्यावयाचे असते, आणि दर दहा वर्षांनी नोंदीचे नूतनीकरण करावयाचे असते. खरे काम तेथून सुरू होते. आणि आपला उत्साह तेथे संपतो.

'नाशिक व्हॅली वाइन' ही अशीच एक नोंद आहे. नावापासूनच पाहा. गोदावरीच्या खोऱ्यास नाशिकचा कोणता शेतकरी 'व्हॅली' म्हणतो? हे नाव कॅलिफोर्नियातील नापा व्हॅलीच्या आरशात पाहून घेतलेले दिसते. स्वतःचे नाव सांगतानाही आपण दुसऱ्याच्या उच्चारात सांगितले. परंतु नाव परके वाटले तरी चालले असते, जर त्यामागे शॅम्पेनसारखी बांधिलकी उभी राहती. २००८ च्या मंदीनंतर ज्या शेतकऱ्यांनी केवळ वाइनसाठी द्राक्षे लावली होती, त्यांच्या मालास गिऱ्हाईक राहिले नाही व कित्येकांनी वेल उपटून टाकले. त्या शेतकऱ्याला नोंदलेल्या नावाचा कोणता आधार मिळाला? ज्या नावात शेतकऱ्याचा वाटा नाही, ते केवळ भिंतीवर टांगण्याच्या योग्यतेचे राहते.

हापुसाची कथा तर प्रत्येक घरातील आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर ह्या पाच जिल्ह्यांसाठी ते नाव नोंदले गेले. पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द अल्बुकर्क ह्याच्या नावावरून आलेला हा शब्द आज कोकणचा प्राण आहे, आणि त्यात काही गैर नाही. नाव कोठून आले ह्यापेक्षा ते कोणी वाढविले ह्यास अधिक महत्त्व. पुढे जुन्नरच्या बागाइतदारांनी 'शिवनेरी हापूस' हे नाव मागितले, तेव्हा कोकणातून विरोध झाला. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की हा तोच जुन्नर तालुका, ज्याची वाइन शॅम्पेन होऊ शकली नव्हती. पण कोकणचा बागाइतदार जुन्नरकडे बोट दाखवीत असताना पुण्याच्या बाजारात कर्नाटकातील आंबा रत्नागिरीच्या पेटीत बसून विकला जातो, आणि ती पेटी भरणारा फ्रेंच नसतो, इटालियनही नसतो. १९११ साली शॅम्पेनच्या शेतकऱ्यांनी ज्याविरुद्ध हत्यार उपसले, तो हाच प्रकार होय.

मग जुन्नरने काय करावे? येथे आम्हांस आमच्याच क्षेत्रातील एक उदाहरण आठवते. सॉनेट हा काव्यप्रकार इटलीत जन्मला. केशवसुतांनी तो मराठीत आणला, आणि पुढे त्यास आपल्याकडे 'सुनीत' असे नाव पडले. मूळ शब्दाचा नाद त्यात आहे, परंतु शब्द आपला आहे. चौदा ओळींचा साचा परका, आतील जीव मराठी. पेट्रार्कच्या वारसांनी त्याबद्दल फिर्याद केली नाही, आणि मराठी कवीलाही 'इटालियन धर्तीची कविता' असे लिहून आपला माल खपवावा लागला नाही. साचा उसना घ्यावा, नाव उसने घेऊ नये, हा वाङ्मयाचा धडा व्यापारालाही लागू पडतो. लंडनच्या न्यायालयात हरल्यावर स्पेनने नेमके हेच केले. त्यांनी आपल्या फसफसणाऱ्या वाइनला 'कावा' हे नाव पुढे आणले. त्याचा अर्थ तळघर. आपल्या गनिमी काव्याशी त्याचे नाते नाही, तरी पराभवातून त्यांनी साधलेला डाव पाहता ते असावे असा मोह होतो. आज 'कावा' हेच एक संरक्षित नाव आहे. शेजारच्या गोव्याकडे पाहा. तेथे गोड तांबड्या वाइनला अजून 'पोर्ट' म्हणण्याची चाल आहे, आणि ते पोर्तुगालमधील दौरू नदीच्या खोऱ्याचे उसने नाव आहे. परंतु गोव्याची जगात ओळख झाली ती 'फेणी' ह्या आपल्या शब्दाने. २००९ साली तिची नोंद झाली. काजूचे झाड ब्राझीलहून आले; शब्द मात्र गोमंतकातच राहिला व तोच उपयोगी पडला.

२०२२ पासून युरोपीय संघाशी भौगोलिक नावांच्या स्वतंत्र कराराची बोलणी सुरू झाली. त्यांच्या याद्या तयार असतात. प्रत्येक नावामागे सीमा, नियम, राखणदार व दप्तर असते. आपणही याद्या देऊ, आणि त्या लांबलचक असतील, ह्याविषयी शंका नाही. शंका आहे ती यादीतील प्रत्येक नावाखाली जामीन म्हणून कोण सही करणार ह्याची. आम्ही स्वतः ह्या वादात शॅम्पेनविरुद्ध साक्ष देण्यास निघालो होतो, आणि लिहिता लिहिता बऱ्याच अंशी तिच्या बाजूला गेलो, हे कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. तिच्या कायद्यातील पक्षपात आम्हांस मान्य नाही. तिची शिस्त मान्य आहे. तो पक्षपात घालविण्यासाठी आपल्या सरकारने भांडावे; ती शिस्त मात्र सरकारने भांडून मिळणारी नव्हे.

ती बाटली अजून औषधांच्या कपाटात द्राक्षासवाशेजारी उभी आहे. विद्यार्थी पुन्हा आला, तेव्हा आम्ही त्यास एवढेच सांगितले की, पुढच्या खेपेस बाटली आणू नकोस. परंतु कोणाला भेट देशीलच, तर शॅम्पेन म्हणून देऊ नकोस, नाशिकची म्हणून दे. तो म्हणाला, "सर, नाशिकची म्हटले की लोक स्वस्तातली समजतात." नाशिकच्या द्राक्षांत दोष असल्याचे त्याचेही म्हणणे नव्हते. आपल्या गावाचे नाव घेताच वस्तूची किंमत उतरते, ही समजूत ना फ्रेंचांनी लादली ना चेन्नईच्या कार्यालयाने. ती आपण पोसलेली आहे, आणि ती दूर करण्याचे काम कोणत्याही करारात लिहिलेले नाही.